हजेरीपटावरची सासू

सावंगी मेघेहून आम्ही बोलतोय. दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी डबे करणारा आमचा गट तुमच्यापैकी काहीजणींना माहीत असेल. आज डब्याबद्दल बोलायचं नाही. आज एका सिनेमापासून सुरुवात करू.

झालं असं, की श्रावणात एका संध्याकाळी पाऊस असा लागला की डबे न्यायला कुणी येईना. पोळ्या झालेल्या, भाजी झाकून ठेवलेली आणि आम्ही बसून. आमच्यातल्या एकीची पोरगी कॉलेजात शिकते. तिनं लॅपटॉप काढला आणि जुना मराठी सिनेमा लावला, ‘सिंहासन’. १९७९ चा, जब्बार पटेलांचा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर तो बेतलेला आहे. साधू आपल्याकडचेच, परतवाड्याचे. मंत्रालय, मुख्यमंत्री, त्याची खुर्ची ओढायला टपलेला अर्थमंत्री, आणि हे सगळं बघत फिरणारा दिगू नावाचा पत्रकार. तो दिगू म्हणजे निळू फुले. एरवी ज्यांना पडद्यावर पाहून आपण पदर सावरतो, ते इथं बिचारे खांद्याला झोळी लावून हिंडतात.

सिनेमा संपला आणि आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीनं विचारलं, “याले सारं मालूम होतं, मंग यानं कोनाले सांगतलं काऊन नाही?”

आम्ही गप्प. खरंच, दिगूला सगळं ठाऊक असतं. कोण कुणाला फोडतंय, कुणाचा पैसा कुठून येतोय. प्रत्येक पुढारी त्याला बोलावून चहा पाजतो. पण शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, एवढंच. पोरगी म्हणाली, “आजी, तो आतला झाला होता ना. आतल्या माणसाला दिसतं, पण बोलता येत नाही.”

ही गोष्ट आमच्या डोक्यात राहिली. सरकारी कारभारात काही लपवलेलं असेल तर ते बाहेर काढतं कोण? पोलीस? पुढारी? की ज्याचा त्या कामाशी काहीच संबंध नाही असा कुणी ऐरागैरा? सिनेमात तर हमखास हा ऐरागैराच असतो. एखादा टॅक्सीवाला, एखादी मास्तरीण. त्याच्या हाती चुकून एक कागद लागतो, मागे गाड्या लागतात, आणि अडीच तासांत मंत्री उघडा पडतो. आम्हाला वाटायचं, ह्या सगळ्या सिनेमातल्या गोष्टी. पण थोडं शोधल्यावर कळलं की ऐरागैरा खरा असतो. खोटा असतो तो अडीच तासांचा हिशेब.

एक परदेशातली गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण आमच्यातल्या एकीचा नवरा रात्रपाळीचा चौकीदार आहे आणि तिला ती फार आवडली. अमेरिकेत १९७२ साली, जून महिन्यात, वॉटरगेट नावाच्या मोठ्या इमारतीत फ्रँक विल्स नावाचा एक तरुण रात्री राखण करत होता. त्याला एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. दार लागू नये म्हणून कुणीतरी लावलेली. त्यानं ती काढून टाकली. थोड्या वेळानं फेरीला आला तर पुन्हा पट्टी! मग त्यानं पोलिसांना फोन केला. आत विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून शिरलेली माणसं सापडली. त्या धाग्याला ओढत ओढत गोष्ट थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यापर्यंत गेली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना खुर्ची सोडावी लागली. मध्ये दोन वर्षं गेली. वार्ताहर, न्यायाधीश, संसद सगळे राबले. पण पहिली गोष्ट काय, तर एका चौकीदारानं काढलेली चिकटपट्टी दुसऱ्यांदा दिसली, आणि त्यानं ‘आपल्याला काय करायचं’ असं म्हटलं नाही.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. पाण्याकडे.

तुम्हाला आठवत असेल, २०१२ साली सिंचनाच्या पैशावरून केवढा गदारोळ झाला होता. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक लहानसा आकडा होता. दहा वर्षांत लागवडीच्या जमिनीतली ओलिताखालची जमीन १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के झाली. म्हणजे वाढ एक दशांश टक्का. आपल्या भाषेत सांगायचं तर गावात हजार एकर पिकत असेल, तर दहा वर्षांत पाणी नव्यानं पोचलं फक्त एका एकराला. आणि त्या काळात पाण्याच्या कामांवर सत्तर हजार कोटी रुपये गेले, असं विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे बोलत होते. सरकारनं नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढून सांगितलं की वाढ एवढी कमी नाही, ५.१७ टक्के आहे. दोन्ही आकडे सरकारचेच. आमच्या गटाच्या वहीत असं झालं असतं तर बँकेनं दुसऱ्या दिवशी कर्ज थांबवलं असतं, पण ते असो.

आता या गोष्टीत आपल्या भागाचा कागद बघा. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये अवघ्या सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटी झाली. वीस हजार कोटी वाढले. ते कसे वाढतात हे समजून घ्यायला एक शब्द शिकावा लागतो, तो आम्हीही अलीकडेच शिकलो. ‘सुप्रमा’. बाईचं नाव वाटतं ना? आम्हालाही वाटलं. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. तुम्ही गोठा बांधायला काढला, मिस्त्रीनं पन्नास हजार सांगितले, घरच्यांनी हो म्हटलं. ही झाली प्रशासकीय मान्यता. मग मिस्त्री म्हणतो सिमेंट महागलं, पाया खोल घ्यावा लागला, दोन लाख लागतील. घरचे पुन्हा हो म्हणतात. ही सुप्रमा. आता यात लबाडीच असते असं नाही. सिमेंट खरंच महागतं, पाया खरंच खोल जातो, धरणाच्या बाबतीत तर जमिनीचा मोबदलाही वाढतो आणि तो वाढलाच पाहिजे. पण घरातल्या अडतीस कामांच्या मिस्त्र्यांनी एकाच मोसमात येऊन चौपट मागितले, आणि घरच्यांनी भराभर हो म्हटलं, तर सासूबाई तरी विचारतील ना, की बाप्पा, हे काय चाललंय?

सिनेमात कट शिजतो तो अंधाऱ्या खोलीत, सिगारेटच्या धुरात. कागद वाचताना आम्हाला उमजलं की खऱ्या सरकारी घोळात अंधार कुठंच नसतो. सगळं भर कचेरीत, दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटखाली. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. प्रत्येक जण आपल्यापुरत्या पानावर सही करतो. अख्खी फाइल कुणी वाचत नाही, किंवा वाचली तरी वाचली असं म्हणत नाही. म्हणून तर ती वाचायला बाहेरचं माणूस लागतं. ज्याची त्यात सही नाही, ज्याला बढती नको, ज्याला पुढच्या वर्षी ठेका नको.

अशी बाहेरची माणसं कोण होती? रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ कोंढाणे नावाचं धरण होणार होतं. तिकडे अंजली दमानिया यांची शेतजमीन होती. पेशानं त्या पॅथॉलॉजिस्ट, रक्त-लघवी तपासणाऱ्या. धरणाचं काम त्यांचं नव्हेच. जमीन पाण्याखाली जाणार म्हणून त्यांनी माहिती अधिकारात कागद मागवले. कागदांत दिसलं की ८० कोटींच्या आसपासचं काम अल्पावधीत ६१४ कोटींवर गेलं. स्वतःच्या जमिनीपासून सुरू झालेली विचारपूस मग मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. स्वतःचा स्वार्थ होता म्हणून कुणी हिणवेल. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. आपलं शेत बुडणार असल्याशिवाय धरणाचं अंदाजपत्रक वाचायला कोण बसतं?

आणि आपल्या नागपूरची जनमंच ही संस्था. वकील, प्राध्यापक, निवृत्त मंडळी. त्यांनी २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात विदर्भाच्या सिंचनाबद्दल जनहित याचिका दाखल केली. तेव्हा जनमंचचे अध्यक्ष होते ॲड. अनिल किलोर, जे पुढे २०१९ मध्ये त्याच उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. पण आम्हाला याचिकेपेक्षा त्यांची दुसरी गोष्ट आवडली. ते ‘सिंचन शोध यात्रा’ काढायचे. म्हणजे गाडीत बसायचं, कागदावर ज्या ठिकाणी कालवा आहे त्या ठिकाणी जायचं आणि कालवा शोधायचा. आहे का? त्यात पाणी आहे का? शेजारच्या शेतकऱ्याला विचारायचं, तुझ्या वावरात कधी आलं? बस. यात गुप्तहेरी काहीच नाही. एका हातात कागद, समोर जमीन, आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघायचं.

गोसीखुर्दचंच घ्या. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरचं हे धरण. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा त्याची किंमत होती ३७२ कोटी. पुढे ती अठरा हजार कोटींच्या वर गेली. ज्यांनी आपली गावं त्यासाठी सोडली, त्यांची लेकरं मोठी होऊन त्यांची लेकरं शाळेत जायला लागली, तरी कालव्याची कामं सुरूच.

बाहेरच्यांना सगळंच कळतं असं मात्र समजू नका. फाइलमध्ये काय लिहिलंय ते त्यांना दिसतं. कसं लिहिलं गेलं, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं, हे आतलाच सांगू शकतो. २०१२ मध्ये जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्रं लिहून कामांचा दर्जा आणि फुगवलेल्या किमती यांबद्दल तक्रार केली. नोकरीत असताना. म्हणजे आमच्या आजीच्या प्रश्नाचं एक उत्तर हेही: आतल्या माणसाला बोलता येत नाही असं नाही, पण त्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते. बाहेर कुणी उभं असेल तर ते बोलणं वाया जात नाही.

मग पुढे काय झालं? सिनेमा असता तर इथं टाळ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यावेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. चितळे समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारनं लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीची माहिती न्यायालयाला दिली. पुढे काही कामांबाबत अधिकारी आणि ठेकेदारांवर गुन्हे नोंदले गेले. आणि २०१९ मध्ये त्याच विभागानं न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की त्यावेळच्या मंत्र्यांवर, म्हणजे अजित पवारांवर, या प्रकरणात जबाबदारी येत नाही. हेही सांगितलं पाहिजे. अर्धीच गोष्ट सांगून मोकळं व्हायचं नाही. कुणी कट केला, केला की नाही, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण ३८ प्रकल्पांचा तो कागद, सात महिन्यांचा तो हिशेब आता कुणाला परत कपाटात ठेवता येत नाही.

तर हे कागद मागायचा हक्क कुठून आला? त्याची मुळं बायकांच्या मजुरीत आहेत, म्हणून थोडं थांबून सांगतो. राजस्थानात दुष्काळी कामांवर जाणाऱ्या बाया-माणसांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती. का नाही म्हटलं की उत्तर, तुम्ही तेवढं काम केलंच नाही, हजेरीपटात लिहिलंय. मग हजेरीपट दाखवा म्हटलं तर, ती सरकारी गुपित गोष्ट. १९९० मध्ये तिथं मजूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावची माणसं. २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. मंडप टाकला आणि कचेरीतून मिळवलेले कागद गावासमोर मोठ्यानं वाचले. अमक्यानं इतके दिवस काम केलं. लोक म्हणत, तो तर गावातच नाही. तमकीनं इतके दिवस काम केलं. लोक म्हणत, तिला जाऊन वर्ष झालं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनीच खोटं पकडलं, कारण गाव त्यांना पाठ होतं. १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणं धरलं. आपल्याकडे अण्णा हजारेंनी उपोषणं केली आणि महाराष्ट्राचा माहिती अधिकार आधी आला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला.

इथपर्यंत आम्ही जे सांगितलं ते वाचून-ऐकून. आता आमचं स्वतःचं. गावाचं नाव सांगणार नाही, तालुका सांगणार नाही. कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं ते आमच्यातल्या एकीचे घरचेच आहेत.

तिला आपण मधली म्हणू. तिघी जावांतली ती मधली. नवऱ्याच्या आजारपणासाठी दवाखान्याजवळ म्हणून ती सावंगीला खोली करून राहिली आणि आमच्या गटात आली. त्या सिनेमानंतर आठवडाभरानं, कणीक मळता मळता ती म्हणाली, “आमच्या गावात नाला खोल केला म्हणतात. माझं नावबी होतं म्हणे कामावर. मी तर इथं होती.”

आम्ही हसलो. मग हसू थांबलं. विचारलं, तुझं जॉब कार्ड कुठं आहे? म्हणाली, भासऱ्यांच्या पोराजवळ. कामावर हजेरी घेणारा तोच. आणि पासबुक? तेही त्याच्याचजवळ. घरचं पोरगं, लिहिता-वाचता येतं, म्हणून साऱ्या आळीनं दिलेलं.

आता अर्ज कुणी करायचा? मधलीनं केला तर त्याच रात्री घरी कळणार. तेव्हा आम्हाला कायद्यातली एक गोष्ट कामी आली. माहिती मागायला त्या गावचं असावं लागत नाही. भारताचा कोणताही नागरिक कोणत्याही गावच्या कामाचे कागद मागू शकतो आणि का हवेत हे सांगायची गरज नाही. म्हणून अर्ज आमच्यातल्या दुसरीनं केला, जिचं त्या गावाशी काही नातं नाही. गटाच्या नावानं केला नाही बरं का. हक्क नागरिकाला आहे, गटाच्या नावावर अर्ज नाकारला जाऊ शकतो. बाईनं स्वतःच्या नावानं लिहावा.

अर्जाचा नमुना असतो, त्याला ‘जोडपत्र अ’ म्हणतात. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालचं नाव असेल तर दाखल्याची प्रत जोडा, मग तेही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. आमची पहिली चूक ही झाली, की आम्ही लिहिलं, ‘नाल्याच्या कामात खोटी नावं का टाकली?’ ती शिकलेली पोरगी म्हणाली, हे फाडा. ‘का’ विचारलं की उत्तर येतं, अशी माहिती आमच्याकडे नाही. तुम्ही कागदाचं नाव घेऊन कागद मागा. मग लिहिलं: अमक्या कामाचं अंदाजपत्रक, हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका, यांच्या प्रती द्याव्यात. एवढंच. पोच घेतली, शिक्क्यासकट, आणि तिची झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवली.

कायद्यात मुदत तीस दिवसांची. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं, वीस रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला आम्ही सहाजणी गेलो, पहाटेचे डबे उरकून. साहेबांनी विचारलं, “तुम्ही सगळ्या कोण?” आमच्यातली एक म्हणाली, “हिच्या संगतीनं आलो.” खरंच तेवढंच होतं. एकटीला पाठवायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. पुण्याजवळ तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. ते नाव आम्हाला वाचून माहीत होतं. भिऊन नाही, पण डोळे उघडे ठेवून जायचं.

कागद मिळाले. पान दोन रुपये. रात्री चुलीपाशी बसून पोरीनं हजेरीपट वाचायला सुरुवात केली आणि मधली एकेक नाव ऐकत होती. ही आहे, ही होती, ही पुण्याला पोराकडे. आणि मग पोरीनं एक नाव वाचलं. मधली म्हणाली, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. तिच्या सासूचं नाव होतं. पौषातल्या हजेरीत, बारा दिवस, सलग. सासू वारली होती अश्विनात, दसऱ्याच्या आधी. तेराव्याला आम्हीच डबे पाठवले होते.

मधली रडली नाही. म्हणाली, “माय जिवंत होती तेव्हा तिले नाल्यावर जाऊ देल्लं नाही. गुडघे दुखत होते तिचे.”

दुसऱ्या रविवारी चौघी तिच्या गावी गेलो, देवदर्शनाला आल्यासारख्या. शिवणकाम करणारीनं तिची टेप आणली होती, बैलाचं एक दावं त्या टेपनं मोजून घेतलं आणि त्या दाव्यानं नाला मोजला. मोजमाप पुस्तिकेत तीनशे मीटर. दावं टाकत टाकत गेलो, तर एकशे दहाच्या पुढे नाला जसाच्या तसा, बेशरमाच्या झाडांनी भरलेला. एक म्हातारा गुरं चारत होता. त्यानं विचारलं, काय हरवलं व बाई? आम्ही म्हटलं, नाला.

इथपर्यंत सगळं सिनेमासारखं झालं. पुढचं नाही झालं.

पुढचं ठरवायचं होतं मधलीला. तक्रार केली तर पहिलं नाव येणार पुतण्याचं. चोवीस-पंचवीस वर्षांचं पोरगं. त्याच्या वर कोण सह्या करत होतं ते कागदावर होतंच, पण घरची माणसं कागद वाचत नाहीत. त्यांना पुतण्या दिसणार आणि त्याला अडकवणारी काकू दिसणार. सिनेमातला खलनायक काळ्या गाडीतून येतो. इथं तो तुमच्या नवऱ्याला दवाखान्यात पाहायला संत्री घेऊन येतो आणि पाया पडतो. आमच्यात दोन रात्री वाद झाला. एकजण म्हणाली, गरिबाचं पोरगंच पकडलं जाईल, सह्या करणारे सुटतील. दुसरी म्हणाली, मग काय मेलेल्या बाईला रोजगार हमीवर राबू द्यायचं? दोघींचं बरोबर होतं.

केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेसमोर करायचं असं म्हटलेलं होतं. मधलीनं तेच धरलं. पोलिसात नाही, पेपरात नाही. ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, हजेरीपट वाचून दाखवा. आम्ही मागे दाराशी उभ्या होतो, आम्हाला बोलायचा हक्क नव्हता, ते गाव आमचं नाही. एकानं म्हटलं, वेळ नाही. मग आळीतल्या बाया म्हणाल्या, वाचा. वाचायला लागले. सासूच्या नावाशी आले तेव्हा वाचणारा अडखळला आणि पुढचं नाव घेतलं. मधली म्हणाली, “मधचं राहिलं.”

त्यानंतर आळीतल्या सात बायांना त्यांची जॉब कार्डं आणि पासबुकं परत मिळाली. तिघींच्या खात्यातून आधी काढलेले पैसे कुणीतरी रोख आणून दिले, कुणी ते सांगितलं नाही. कामाची फेरतपासणी लागली. दोन अपिलं अजून चालू आहेत, त्यातलं एक नागपूरला राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. त्याची तारीख लागली की आम्ही जाणार आहोत. पुतण्या हजेरीच्या कामावरून गेला. वर सह्या करणारे आहेत तिथंच आहेत.

मधलीला गेल्या संक्रांतीला सासरच्या आळीतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मोठ्या जावेनं बोलणं टाकलं आहे. पण त्याच संक्रांतीला आळीतली एक म्हातारी एसटीनं सावंगीला आली, पदरात तिळगूळ बांधून. सोबत स्वतःचं पासबुक आणलं होतं. म्हणाली, याच्यात काय लिहिलं ते वाचून दे व माय, मोठ्यानं वाच.